राखणदाराची वाळू

पद्मावतीनं तव्यावरचा बांगडा उलटला. चरचर थोडी बसली तसं पडवीतलं बोलणं तिला पुन्हा ऐकू यायला लागलं. आज जेवायला दोघं होती. फोंडाघाट उतरून सकाळच्या गाडीनं आलेले कोल्हापूरचे सुदेश सर, आणि श्रावणापासून मागच्या खोलीत राहणारी अस्मिता. सर वाळूचा अभ्यास करायचे, अस्मिता बायकांच्या गाण्यांचा आणि सणावारांचा. दोघांची ओळख होऊन अजून ताटातला भातही निवला नव्हता.

“आणि मग सगळ्या बायका पाट्या भरभरून वाळू नेतात, सर,” अस्मिता सांगत होती. “नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. गाणी म्हणत म्हणत राखणदाराच्या पायाशी ओततात. त्याचे पाय उघडे पडले तर वाडीला वारा बाधतो म्हणे. माझं सगळं तिसरं प्रकरण त्याच्यावरच आहे.”

“कुठला राखणदार?”

“हा काय, किनाऱ्यावरचा. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. आधी लाकडाचा असणार, पुढं कधीतरी लोखंडाचा केला असेल.”

बांगड्याची तुकडी वाढायला पद्मावती बाहेर आली, तर सरांचा हात ताटातच थांबलेला होता. बोटांना भात तसाच चिकटलेला.

“किती वर्षं चालतं हे?” सरांनी विचारलं.

“मथुराकाकी म्हणाल्या, आजीच्या वेळेपासून.”

सरांनी मान वर करून पद्मावतीकडं पाहिलं. सोलकढीची वाटी उचलली, ओठाला लावली, तशीच खाली ठेवली. अर्धा बांगडा ताटात टाकून ते हात धुवायला खळ्यात, पुढच्या अंगणात गेले.

दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मालवणच्या उत्तरेला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी, तिच्यावर ही वाडी. इथं मुक्कामाला पहिल्यांदा कोणी आलं असेल तर ते सुदेश सरच. काशीरामानं त्यांना मालवणच्या बाजारातून पकडून आणलं होतं. पाठीवर बाडबिस्तरा, खांद्यावर एक दुर्बिणीसारखं यंत्र, आणि उन्हानं तांबडं झालेलं नाक. “ह्ये वाळू मोजूक इलेत,” काशीराम बायकोला म्हणाला होता. पद्मावती पदर तोंडाला लावून हसली होती. भात मोजतात, मासे मोजतात. वाळू मोजणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला.

मग सरांच्या ओळखीनं एकेक येत गेले. काशीरामानं मागं चिऱ्यांची एक खोली बांधली. पद्मावतीला कोणाची आडनावं कधी लक्षात राहिली नाहीत. ती ज्याला त्याला त्याच्या ध्यासानं ओळखायची. पोवळ्यांवालो. तो दिवसभर पाण्याखाली आणि वर आला की मुका. शेवाळवालो. त्यानं तिच्या कपड्यांच्या दोरीवर समुद्रातलं हिरवंतांबडं शेवाळ वाळत घातलं, तेव्हा शेजारच्या मथुरेनं कुंपणापलीकडून विचारलं होतं, “चटणी करतंस काय रे त्येची?” नांगरवालो म्हातारा. कुठल्याशा जुन्या गलबताच्या गंजक्या नांगरापुढं तो देवळात उभं राहावं तसा उभा असायचा. होड्यांच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, रंगवलेले डोळे कागदावर उतरवून नेणारा तरुण चित्रांवालो झिल. आणि भाशेवाली बाई. तिनं काशीरामाला एकच वाक्य इतक्यांदा म्हणायला लावलं की शेवटी तो वैतागून म्हणाला, “बाये, आता ह्या वाक्य तूच म्हण. माझ्यापेक्षा बरा म्हणतंस.”

रात्रीची जेवणं झाली की सगळे खळ्यात बसत. पोवळ्यांवाला नांगराविषयी विचारायचा, नांगरवाला शेवाळाविषयी. कोणाचं कोणाला फारसं कळत नसावं, पण ऐकत मात्र सगळे. काशीराम विडी ओढत म्हणायचा, “दर्यो एकच. जाळी तेवडी येगयेगळी. कोणाक काय गावता, ताच बघूचा.”

काशीराम काविळीनं गेला त्याला आता सात वर्षं होत आली होती. माणसं अजून येत, पण खळ्यातल्या बैठका गेल्या. हल्लीचे लोक लॅपटॉप घेऊन खोलीत बसत.

दुपारभर सर पडवीत आडवे झाले होते, पण झोपले नव्हते. भांडी घासताना पद्मावतीला त्यांचा उघडा डोळा दिसत होता. आज ते शेवटच्या मापासाठी आले होते. संध्याकाळी सुकतीला, म्हणजे समुद्र मागं हटला की, मोजायचं ठरलं होतं. सकाळी आल्या आल्या त्यांनी मोठ्या उमेदीनं सांगितलं होतं, “वहिनी, पुस्तक तयार झालंय. शेवटचा आकडा तेवढा राहिला.”

काय मोजायचं ते पद्मावतीला नीटसं कधी कळलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की सरांनी आणि काशीरामानं मिळून आचऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर दहा खांब पुरले. काशीराम होडीतून एकेक खांब पोचवायचा. समुद्रानं त्यातले नऊ नेले. कुठला पहिल्याच वर्षी, कुठला पुढच्या वादळांत. उरला तो या वाडीचा एक. दर दिवाळीच्या सुट्टीत सरांचा कोणी विद्यार्थी यायचा, टेप लावून खांब वर किती दिसतो ते लिहून घ्यायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायचा. खांबावरचं कुंकू बोटानं बाजूला सारून तो पट्टे बघत असे. कोल्हापुरात जाऊन कुंकवाचं कशाला सांगेल?

पहिली दोन-तीन वर्षं सोडली तर आकडा दरवर्षी जवळजवळ तोच येई. त्या एका खांबावर सरांनी आपलं सगळं पुस्तक उभं केलं होतं. या पट्टीवर समुद्र जे नेतो ते खाडी परत आणून देते, असं त्यांनी लिहिलं होतं. मागच्या खेपेला ते घाईत, किनाऱ्यावर न जाताच परतले होते, पण जाण्याआधी त्यांनी ते वाक्य पद्मावतीला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ‘समुद्र घेतो आणि खाडी परत देते.’ तिला ते ओवीसारखं वाटलं होतं, आणि तसं ती म्हणाली तेव्हा सर लहान मुलासारखे लाजले होते.

उन्हं कलली तशी तिघं किनाऱ्यावर गेली. अस्मिता वाटेत काहीबाही बोलत होती. सर हूं हूं करत होते.

माडांची रांग संपली की खांब दिसायचा. तांबडे-पांढरे पट्टे आता तेलानं काळवंडले होते. गळ्यात अबोलीची सुकलेली वेणी, पुढं नारळाच्या करवंट्या, विझलेली पणती. भोवतीनं मर्यादवेल पसरलेली आणि तिला जांभळी फुलं. कोणी नवखा बघेल तर त्याला वाटावं, खांबाभोवतीची ही वाळूची टेकडी इथं जगाच्या आरंभापासून असेल.

सर खांबापाशी थांबले नाहीत. ते चार पावलं पलीकडं, उघड्या पुळणीवर, सपाट वाळूत गेले. तिथून वळून त्यांनी खांबाकडं पाहिलं. आता त्यांच्या लक्षात आलं असणार, खांबाच्या पायाची वाळू त्यांच्या कमरेइतकी वर होती. ते परत आले. गुडघे टेकून त्यांनी मर्यादवेलीखाली हात घातला, कोपरापर्यंत. हात बाहेर काढला, मुठीतली वाळू बघितली आणि सोडून दिली. टेप त्यांच्या पिशवीतच राहिली.

“सर?” अस्मिता म्हणाली. आणि मग तिचा चेहराही हळूहळू बदलला. “हा तुमचा खांब आहे?”

“नव्व्याण्णव साली पुरला. मी आणि काशीरामभाऊंनी.”

अस्मितानं खांबाचा तेलकट पट्टा बोटानं पुसून पाहिला. “मथुराकाकी म्हणाल्या, आजीच्या वेळेपासून.”

“मथुरेची आजी हयसरची नाय,” पद्मावती म्हणाली. “ती बांद्याची. तिना दर्यो बघूक नव्हतो.”

कोणी हसलं नाही. पद्मावती सरांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“सर, माझा काय चुकला?”

“काही नाही, वहिनी.”

“माझ्या हातचो बांगडो तुमी कधी टाकूक नाय. आज अर्धो टाकल्यात.”

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. खाऱ्या हवेनं तो आणखीच धुरकट झाला.

“समुद्र वाळू नेतो,” ते म्हणाले. “वाळू गेली की खांब खालून उघडा पडतो. किती उघडा पडला त्यावरून किती वाळू गेली ते कळतं. एवढंच माझं माप. खांब उघडा पडायला हवा होता, वहिनी.”

पद्मावती खांबाकडं बघत राहिली. मग त्या वाळूकडं. कळायला तिला फार वेळ लागला नाही.

“म्हणजे तुमी जा मोजूक येय होत्यात, ताच मी बुजवन ठेयत होतंय.”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. परत देणारी खाडी नव्हती, हे त्यांना दुपारीच, भाताचा घास हातात असताना कळलं होतं.

“ह्यांनी जाताना सांगान ठेवलेला,” ती हळू म्हणाली. “ह्यो खांब पडाक नको. सरांचो जीव तेच्यात आसा म्हणान. हे गेले त्याच वर्षाक मी बघलंय तर खांब कलललो. मुळातली वाळू गेलली. मी पाटी घेतलंय नि भरलंय. दुसऱ्या वर्षाक मथुरा इली. मगे सगळी इली. कोणी हळद लावली, कोणी नारळ ठेवलो, पयल्या घरातल्या बाबलीन देवापुढा घालतत तसा गाऱ्हाणा घातल्यान. मी कोणाक नको म्हणूक नाय. माका वाटला, बरा झाला. मी म्हातारी झालंय तरी राखण होतली.”

वारा पडला होता. लांब पाण्यात एक होडी खाडीच्या तोंडाकडं वळत होती.

“नऊ गेले, वहिनी,” सर म्हणाले. “तुम्ही वाळू घातली नसती तर हाही गेला असता. मग मोजायला खांबच नसता.”

पद्मावतीनं त्याचा विचार केला. “म्हणजे घातलंय तरी तुमी बुडल्यात, नाय घातलंय तरी बुडल्यात.”

“तसंच काहीसं.”

“बरो आसा मेलो दर्यो. सगळे बुडतत, तो एकटो बुडणा नाय.”

सरांना हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं. अस्मिताही हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. “माझं पण तिसरं प्रकरण गेलं, सर. ‘पुरातन’ असं सात-आठ वेळा लिहिलंय.”

“तुझं कशाला गेलं?” सर म्हणाले. “देव असलेले सगळ्यांनीच पाहिलेत. खांबाचा देव होताना कोणी पाहिलाय? तू खरं ते लिही. माझं गेलं ते गेलं.”

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. दहा वर्षं हातातून सुटताना माणूस एवढाच आवाज करतो, हे अस्मिताला नवीन होतं.

सर आणि अस्मिता परतायला वळली तेव्हा पद्मावती मात्र जागची हलली नाही.

“सर, आता काय करू? घालू काय नको वाळू?”

सर थांबले. ते खांबाकडं बघत राहिले, आणि मग वाडीच्या पहिल्या घराकडं. ते घर बाबलीचं. दहा वर्षांपूर्वी त्याच्यापुढं माडांच्या दोन रांगा होत्या. आता एक होती.

“काशीरामभाऊंनी हा खांब पुरताना मला काय विचारलं, माहीत आहे?” ते म्हणाले. “म्हणाले, ‘सर, दर्यो खंयपर्यंत येतलो ता कळात काय? कळला तर आमच्या झिलांका सांगूक बरा, घर खंय बांधूचा ता.’ मी म्हटलं, कळेल. दहा वर्षांत कळेल.”

“माका ता सांगूक नाय कधी,” पद्मावती म्हणाली.

“एक वर्ष वाळू घालू नका, वहिनी. ही वरची पण मी काढून घेतो, पुळणीबरोबर करतो. एकच वर्ष. काय होतं ते बघूया.”

“आणि पडलो तर?”

“तर पडला.”

तिनं पदर खांद्यावरून पुढं घेतला आणि मुठीत धरला. सरांनी घाई केली नाही.

“बरा,” पद्मावती शेवटी म्हणाली. “उद्या सकाळी खोरा देतंय.”

त्या रात्री जेवणं लवकर झाली. सर कितीतरी वर्षांनी खळ्यात येऊन बसले. अस्मितानं पद्मावतीकडं गाणं मागितलं, तिनं आढेवेढे घेतले, मग जात्यावर म्हणायची ती ओवी म्हटली:

दर्याच्या कडेक गो, वाळयेचा माझा घर
लाट येता सांजसकाळी, घेता माझी खबर

दिवो माझो दारात जळता, घो माझो दर्यार जागता
वारो इचारता बायांनो, कोण कोणाक राखता

“ही कोणाची, काकी?”

“कोणाची म्हणजे? वाऱ्याची.” पद्मावती उठली. “नीज आता. पुरातन म्हणान लिवू नको.”

वर्ष गेलं. सरांचं पुस्तक निघालं नाही. अस्मिता आपल्या विद्यापीठात परतली. तिच्या मार्गदर्शकांनी लोखंडी खांबाचं प्रकरण वाचून आधी कपाळाला हात लावला आणि मग आणखी वीस पानं लिहून आणायला सांगितली, असं तिनं फोनवर कळवलं. आषाढात समुद्र दरवर्षीसारखाच उसळला. वाळू उपसल्यावर मर्यादवेल गेलीच होती. पहिल्या उधाणात खांबाचा खालचा, कधी न रंगवलेला भाग दिसायला लागला. पद्मावती रोज सुकतीला जाऊन बघून येई. येताना कधी माडाची गळून पडलेली वाळकी चुडतं गोळा करी, कधी काही नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बायका पाट्या घेऊन जमल्या. गेल्या वर्षीचं त्यांना सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि डोळ्यांपुढं असलेलं वेगळं. खांब समुद्राच्या बाजूला चांगलाच झुकला होता. वरची वेणी सुटून खाली लोंबत होती.

“गो पद्मावती,” मथुरा किनाऱ्यावरूनच ओरडली, “पडतलो गो तो! धा-बारा पाट्ये घातलंव तरी उभो रवात!”

“म्हायत आसा.”

“मगे बघतंस काय? काशीरामान तुका सांगान ठेवल्यान ना? माझ्या देखत सांगल्यान!”

पद्मावतीच्या हातात पाटी होती. सवयीनं तीही घेऊन आली होती. बायका तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. कोणीतरी गाणं सुरू केलं आणि दुसरी साथ देईना तसं अर्ध्यावर सोडून दिलं. एक लाट आली, खांबाच्या मुळाभोवती फिरली, आणि जाताना खांब किंचित हलला. दात हलावा तसा.

पद्मावतीनं पाटी वाळूत उपडी घातली आणि तिच्यावर बसली.

“शाप लागात गो वाडीक,” मथुरा म्हणाली. “त्या वाळूवाल्याक काय? तो थंय घाटार बसललो.” ती वाकून आपली पाटी भरायला लागली. दोन ओंजळी भरल्या. मग तिनं पद्मावतीच्या तोंडाकडं पाहिलं आणि हात झाडले. काहीतरी पुटपुटत आपलीही पाटी उपडी केली आणि शेजारी टेकली. एकेक करून बाकीच्याही बसल्या. कोणी पाटीवर, कोणी वाळूतच.

“सर फोन करतले तेवा काय सांगतलंस?” थोड्या वेळानं मथुरेनं विचारलं.

“जा दिसात, ता.”

पुढची लाट आली. मोठी नव्हती. खांबाच्या पायाशी घुटमळली, थोडी वाळू घेऊन मागं गेली. पद्मावतीनं दोन्ही हात मांडीवर घेतले होते. बोटं एकमेकांत घट्ट अडकवून, कोणा दुसऱ्याचे धरून ठेवावेत तसे.